घरांना नावं असलेलं शहर

व्हिसाचा अर्ज भरायला आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. हे लिहीत होते नि मी कागदपत्रं एकेक करून पुढे सरकवत होते. पहिल्या रकान्यात आडनाव लिहून झालं आणि दुसऱ्याच रकान्याशी ह्यांचं पेन थबकलं. ‘जन्माच्या वेळचं आडनाव’ असं तिथे विचारलं होतं.

“काय गं, तुझ्या माहेरच्या आडनावाचं स्पेलिंग काय?” ह्यांनी विचारलं.

मला हसूच आलं. छत्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच निघाला होता. आणि गंमत अशी, की मीही क्षणभर अडखळले! कॉलेज सुटल्यापासून ते आडनाव मी कुठे लिहिलंच नव्हतं. बरं, आडनावाला निदान रकाना तरी होता. नावाचं काय? माहेरी मी इंदू. लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘शुभांगी’ लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले गेले, आणि इंदू त्या ताटातच राहिली. मला त्याचं दुःख होतं असं मुळीच नाही. आमच्या वेळी बहुतेक मुलींचं तसंच व्हायचं. उलट नवीन नाव काय ठेवतात याची हुरहूरच असायची.

पण आमच्या लेकीनं लग्नानंतर नाव बदललं नाही. नाव नाहीच नाही, आडनावही नाही. तिच्या सासूबाई एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. बोलले ती मी! “लोक काय म्हणतील? आहेराच्या पाकिटावर काय लिहायचं? पूजेला बसलात तर गुरुजींना काय सांगायचं?” असं मी फोनवर इतकं काही बोलले, की नंतर वर्षभर आमचं बोलणं हवापाण्यापुरतंच उरलं. ती आणि जावई दोघंही नोकरीनिमित्त चेक देशात, प्रागला असतात. “आई, एकदा येऊन तर जा,” असं ती म्हणाली, तेव्हा प्राग बघण्यापेक्षा हा अबोला मिटवायला म्हणूनच मी निघाले. सोबत भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी आणि हे!

उंबरठ्याचं गाव

आपण ज्याला प्राग म्हणतो त्याला तिथली माणसं ‘प्राहा’ म्हणतात. या नावाची एक दंतकथा तिकडे घरोघरी सांगतात. फार पूर्वी लिबुशे नावाची राणी होती. तिला द्रष्टी मानत. तिनं एका उंच कड्यावरून नदीपलीकडच्या रानाकडे बोट दाखवलं आणि आपल्या माणसांना सांगितलं, की तिथे जा, एक माणूस घराचा उंबरठा घडवत बसलेला दिसेल, त्याच जागी गाव वसवा. उंबरठ्याला चेक भाषेत ‘प्राह’ म्हणतात, त्यावरून प्राहा. हिनं नवराही स्वतःच निवडला, तोही एक साधा नांगरधारी शेतकरी! गोष्ट ऐकून मला मोठी मौज वाटली. आपल्याकडे उंबरठा म्हटला की माप ओलांडणारी नवरी आठवते.

लेकीच्या इमारतीच्या दाराशी पोचलो तर तिथे घंटांची एक लांबलचक पाटी. प्रत्येक बटणापुढे त्या त्या घरातल्या लोकांचं आडनाव. पोस्टमन, पाहुणे, सगळ्यांचा भरवसा त्या पाटीवर. माझ्या लेकीच्या बटणापुढे दोन आडनावं होती. वर तिचं, म्हणजे ह्यांचं, आणि खाली जावयांचं. मी ते वाचलं नि काही बोलले नाही. तीही काही बोलली नाही.

घरात शिरण्याआधी दाराबाहेरच चपला काढायच्या. ही पद्धत तिथल्या लेकीच्या घरापुरतीच असेल असं मला वाटलं होतं, पण ती तमाम चेक लोकांची आहे. बाहेरचे बूट घरात घालून फिरणं त्यांना आपल्याइतकंच खटकतं. पाहुण्यांसाठी घरात घालायच्या सपातांचे चार-पाच जोड दाराशी मांडलेलेच असतात. परक्या मुलखात पहिल्याच दिवशी असं काही दिसलं, की जीव कसा भांड्यात पडतो.

शेजारच्या घरात एक आजी एकट्या राहतात. आजीला ते ‘बाबिच्का’ म्हणतात. मी त्यांना डब्यातून बेसनाचे लाडू नेऊन दिले. लाडू हातात घेऊन त्या “नो, नो!” म्हणायला लागल्या. मी आपली हिरमुसली होऊन डबा परत घ्यायला लागले, तर त्यांनी डबा घट्ट धरून ठेवलेला! लेक हसून बेजार. चेक भाषेत ‘आनो’ म्हणजे ‘हो’, आणि बोलण्यात त्याचंच ‘नो’ होतं. म्हणजे बाई ‘हो, हो’ म्हणत होत्या. पुढे आमचे हे दुकानात सगळीकडे ‘नो’ म्हणायला शिकले आणि नको त्या वस्तू पिशवीत पडायला लागल्या, ती कथा निराळी!

दोन सूर्य, तीन व्हायोलिन्स

पहिल्या रविवारी लेकीनं आम्हांला बावीस नंबरच्या ट्रॅममध्ये बसवून ‘माला स्त्राना’ भागात नेलं. व्ल्तावा नदीच्या डाव्या काठावर, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेला हा जुना भाग. ट्रॅममध्ये एक कानात डूल घातलेला, केस रंगवलेला पोरगा मला बघून चटकन उठला नि जागा दिली. म्हाताऱ्या माणसांना उठून जागा द्यायची, ही तिथे पक्की रीत आहे. जागा मिळाल्याचा आनंद आणि म्हातारी ठरल्याचं दुःख, दोन्ही एकदमच पदरी पडलं.

तिथून नेरुदोवा नावाचा रस्ता चढत चढत किल्ल्याकडे जातो. चढ चांगलाच दम काढणारा, पण मी त्या रस्त्यावर अर्धा दिवस काढला आणि पाय दुखल्याचं मला कळलंही नाही. कारण तिथल्या घरांना नावं आहेत! एका दारावर सोन्याची किल्ली, एकावर लाल कोकरू, एकावर घोड्याचा नाल, एकावर प्याला. कोरलेल्या, रंगवलेल्या अशा खुणा दाराच्या वर बसवलेल्या. बारा नंबरच्या घरावर तीन व्हायोलिन्स आहेत, कारण तिथे पूर्वी व्हायोलिनं बनवणारं घराणं राहत होतं. रस्ता वर संपत आला की ‘दोन सूर्यांचं घर’ लागतं. यान नेरुदा (१८३४–१८९१) हा चेक लेखक या घरात राहत होता. याच मोहल्ल्यातल्या माणसांच्या गोष्टी त्यानं लिहिल्या आणि पुढे रस्त्यालाच त्याचं नाव मिळालं.

घरांना क्रमांक नव्हते तेव्हा पत्ता असाच सांगत. पत्र्या मारुतीजवळ, अमक्यांच्या वाड्यात, असं पुण्यात सांगतात ना, अगदी तसंच. मग १७७० साली मारिया थेरेसा राणीच्या अमलात घरोघरी क्रमांक घातले गेले. सैन्यभरतीसाठी सरकारला कोणत्या घरात किती माणसं आहेत ते हवं होतं. आज प्रागच्या घरांवर दोन-दोन क्रमांक दिसतात. लाल पाटीवरचा नोंदणीचा आणि निळ्या पाटीवरचा त्या रस्त्यापुरता. पण लोकांनी जुन्या खुणा पुसल्या नाहीत. क्रमांक सरकारच्या सोयीला, नाव आपल्या जिव्हाळ्याला, असं दोन्ही सुखानं नांदतं आहे.

“बघ आई,” लेक म्हणाली, “नवीन नंबर आला म्हणून कुणी जुनं नाव खरवडून काढलं नाही.”

टोमणा मला कळला. मी म्हटलं, “पुढे चल, ऊन चढतंय.”

पर्समधल्या बायका

दुपारी कॉफी घ्यायला बसलो. पैसे द्यायला मी पर्स उघडली, तर पाचशे क्राउनच्या नोटेवर एका बाईचं चित्र. या कोण म्हणून विचारलं. त्या बोझेना न्येम्त्सोवा, चेक साहित्यातलं मोठं नाव. १८५५ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘बाबिच्का’, म्हणजे आजी, ही कादंबरी चेक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते. जावयांनी सांगितलं, की यांचं माहेरचं नाव बार्बोरा पांक्लोवा. सतराव्या वर्षी, १८३७ साली, वयानं बऱ्याच मोठ्या माणसाशी लग्न झालं आणि त्या न्येम्त्सोवा झाल्या. लिहायला लागल्यावर ‘बोझेना’ हे नाव मात्र त्यांनी स्वतः घेतलं. संसार फार ओढगस्तीचा झाला आणि १८६२ साली दारिद्र्यातच त्या गेल्या. ज्या बाईच्या हातात कधी पैसा टिकला नाही, तिचं चित्र आज लोकांच्या पाकिटात!

दोन हजारांच्या नोटेवरही बाईच आहे. एमा देस्तिनोवा (१८७८–१९३०), जगभर गाजलेली ऑपेरा गायिका. ह्यांचं जन्मनाव एमिलिए किट्लोवा. ज्या बाईंकडे त्या गाणं शिकल्या त्यांच्या नावातलं ‘देस्तिन’ त्यांनी गुरूचा मान म्हणून आपलं आडनाव केलं. आपल्या गाण्यातल्या घराण्यांची आठवण यावी अशीच ही गोष्ट.

मग जावई म्हणाले, “आई, आता पाच हजारांची नोट बघा.” त्यावर दाढीवाले टोमाश मासारिक, १९१८ साली स्वतंत्र झालेल्या चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांचं पूर्ण नाव टोमाश गॅरिग मासारिक. हे मधलं ‘गॅरिग’ त्यांच्या वडिलांचं नाही. ते त्यांच्या बायकोचं माहेरचं आडनाव! शार्लोट गॅरिग या अमेरिकन मुलीशी १८७८ साली त्यांचं लग्न झालं आणि तिचं नाव त्यांनी आपल्या नावात कायमचं गुंफून घेतलं.

मैत्रिणींनो, आपल्या नावाच्या मध्ये नवऱ्याचं नाव येतं याचं आपल्याला काही वाटत नाही. पण नवऱ्याच्या नावामध्ये बायको, आणि तीही राष्ट्राध्यक्षाच्या! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मन लावून केक खात होते.

दगड उलटे घातले तर

दुसऱ्या दिवशी आम्ही वेन्सेस्लास चौकात गेलो. चौक कसला, लांबरुंद रस्ताच तो. तिथे ह्यांना बाटाची १९२९ साली पुरी झालेली मोठी काचेची इमारत दिसली. “इथेसुद्धा आपला बाटा!” असं म्हणून हे खूश. जावयांनी हळूच सांगितलं, की बाटा मूळचा इथलाच. चेक देशातल्या झ्लीन गावी १८९४ साली टोमाश, आन्तोनीन आणि आन्ना या तीन भावंडांनी चपलांचा हा धंदा सुरू केला. कलकत्त्याजवळचं बाटानगर पुढचं. शाळा सुरू होताना आपण मुलांना ज्या दुकानात नेत आलो, त्याच्या मुळाशी एक बहीणही होती हे मला साठी उलटल्यावर कळलं.

या चौकाच्या खालच्या टोकाला लेक थांबली आणि पायाखालच्या फरसबंदीकडे बोट दाखवलं. प्रागचे पदपथ लहान लहान चौकोनी दगडांचे असतात, पांढऱ्या-काळ्या रांगोळीसारखे मांडलेले. १९८० च्या दशकात या चौकात घातलेले काही दगड २०२० साली दुरुस्तीसाठी उपटले, तेव्हा त्यांची खालची बाजू गुळगुळीत निघाली. त्यावर हिब्रू अक्षरं होती, तारखा होत्या. ज्यू लोकांच्या कबरींवरचे दगड फोडून, अक्षरांची बाजू जमिनीकडे करून, त्या वेळच्या राजवटीत ते रस्त्याला घातले गेले होते. सापडलेले दगड तिथल्या ज्यू समाजाकडे सुपूर्द झाले आणि झिझकोव्ह भागातल्या जुन्या दफनभूमीत २०२२ साली त्यांचंच स्मारक उभं राहिलं. इतकी वर्षं माणसं तिथून खरेदीला, ऑफिसला ये-जा करत होती. कुणाच्या ध्यानीमनीही नसेल. मी नकळत पाय बाजूला घेतला.

यानंतर मला रस्त्यात खाली बघायची सवयच लागली. बऱ्याच घरांच्या दारासमोर पदपथात दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे पितळी चौकोन बसवलेले दिसतात. गुंटर डेम्निग या जर्मन कलाकाराची ही कल्पना. नाझींनी ज्या घरातून माणसं ओढून नेली, त्या घरापुढे त्यांच्या नावाचा चौकोन. प्रागमध्ये २००८ पासून ते बसवले जात आहेत. पुरुष असेल तर ‘इथे राहत होता’, बाई असेल तर ‘इथे राहत होती’, अशी सुरुवात. त्याखाली नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. बाईच्या नावाखाली पुष्कळदा आणखी एक ओळ असते. ‘रोझ.’ असं लिहून पुढे दुसरं आडनाव. मी लेकीला अर्थ विचारला. “माहेरचं आडनाव, आई,” ती म्हणाली.

कुणीतरी ते पितळ घासून लख्ख ठेवलं होतं. आपण देवाची उपकरणी चिंचेनं घासतो, तसं.

भिंतीवरची नावं

जुन्या ज्यू वस्तीत, योसेफोव्ह भागात, पिंकास नावाचं प्रार्थनामंदिर आहे. लांबून वाटतं, भिंतींना बारीक नक्षीचं कापड लावलंय. जवळ गेल्यावर कळतं, की ती नावं आहेत. चेक मुलखातल्या, नाझींनी मारलेल्या जवळपास ७८,००० ज्यू माणसांची नावं. आधी गावाचं नाव, मग आडनाव, मग एकेकाचं नाव, जन्मतारीख आणि ती व्यक्ती हयात असल्याची शेवटची तारीख. छतापासून जमिनीपर्यंत, एका भिंतीनंतर दुसरी भिंत.

१९५४ ते १९६० या काळात वाक्लाव्ह बोश्तीक आणि यिर्झी योन या दोन चित्रकारांनी ही नावं हातांनी लिहिली. पुढे १९६८ साली इमारत बंद झाली, ओल चढली, अक्षरं पुसत गेली आणि तशीच कित्येक वर्षं पडून राहिली. राजवट बदलल्यावर १९९२ ते १९९६ मध्ये सगळीच्या सगळी नावं पुन्हा लिहून काढली. दुसऱ्यांदा! मला त्या लिहिणाऱ्या हातांचं आश्चर्य वाटलं. आपल्याला लग्नाच्या पत्रिकांवर दोनशे नावं लिहायची तर हात भरून येतात.

वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं आहेत. फुलपाखरं, घरं, टेबलाभोवती बसलेली माणसं. प्रागच्या उत्तरेला तेरेझीन इथे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलं होतं. तिथे फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीनं मुलांना चोरून-लपून चित्रकला शिकवली. बाईंचा एक आग्रह असे. चित्राखाली प्रत्येकानं आपलं नाव लिहायचं. छावणीत माणसांना क्रमांकांनी ओळखत होते, आणि ही बाई मुलांना म्हणत होती, की नाव लिहा. त्यांच्या नवऱ्याला १९४४ च्या सप्टेंबरात आउशविट्झला पाठवलं, तेव्हा त्याच्याजवळ जाता यावं म्हणून पुढच्या गाडीसाठी यांनी आपण होऊन नाव दिलं. जाण्यापूर्वी सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली. ऑक्टोबरात त्यांना मारलं. नवरा वाचला. सुटकेस वाचल्या. चित्रं काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत, पण कोपऱ्यातल्या नावांमुळे कुठलं चित्र कुणाचं ते कळतं.

मी तिथल्या बाकावर बसून राहिले. माझ्या नावाचं कौतुक ते काय! मला प्रेमानं, पेढे वाटून दुसरं नाव दिलं होतं. इथे तर माणसांसकट नावं पुसायला निघाले होते. दोन्हींची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण एवढं मात्र मनात आलं, की नाव ही काही पाकिटावर लिहायची सोय नव्हे. आणि लेकीशी वर्षभर मी पाकिटावरून भांडत होते.

लेक शेजारी येऊन बसली. मी तिचा हात धरला. बोललो दोघी काहीच नाही.

आन्नांचा दिवस

सव्वीस जुलैला सकाळी दूध आणायला बाहेर पडले, तर कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे ही गर्दी! फळ्यावर ‘आन्ना’ लिहिलेलं. लेकीनं समजावलं, की चेक कॅलेंडरात वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक दिवसाला एकेक नाव नेमून दिलेलं असतं. त्या नावाच्या माणसाचा तो ‘स्वातेक’, म्हणजे नावाचा सण. वाढदिवसाइतकाच लाडका. वाढदिवस विसरला तर क्षमा आहे, पण स्वातेक सकाळीच कळतो, त्यामुळे विसरायला सबब नाही! आज सगळ्या आन्नांना फुलं. फुलं मात्र तीन, पाच, सात अशी विषमच घ्यायची. सम संख्येतली फुलं मयताला नेतात.

त्या दुपारी शेजारच्या आजींनी आम्हांला जेवायला बोलावलं. लांबट पावासारखा उकडलेला क्नेडलीक होता. त्याचे काप त्या सुरीनं नाही, दोरा घालून करतात, म्हणजे तो दबत नाही. ब्राम्बोराक म्हणजे बटाटा किसून, लसूण घालून तळलेली धिरडी. मी दोन जास्तच खाल्ली. आणि शेवटी जर्दाळू घातलेले गोड क्नेडलीकी. ‘त्वारोह’ म्हणजे आपल्या घट्ट चक्क्यासारखं दही. ते, पीठ आणि अंडं मळून पारी करायची, आत अख्खं ताजं फळ ठेवायचं, गोळा बंद करायचा नि उकळत्या पाण्यात सोडायचा. वर आला की आणखी थोडा वेळ ठेवून काढायचा. वरून त्वारोह, पिठीसाखर आणि पातळ केलेलं लोणी. म्हणजे मोदकच की हो! घरी आल्यावर मी अंडं वगळून, निथळलेलं पनीर नि बारीक रवा घालून, स्ट्रॉबेरीचं करून पाहिलं. रवा अर्धा तास भिजू द्यावा आणि पाण्याला फार खळाळून उकळी नसावी, नाहीतर फुटतात.

जेवता जेवता नावांचा विषय निघालाच. चेक बायकांच्या आडनावांना बहुधा ‘ओवा’ लागतं. नवरा नोवाक, तर बायको नोवाकोवा. आपल्याकडे जोशीणबाई, कुलकर्णीणबाई म्हणतात त्यातलाच प्रकार, फक्त तिथे तो सरकारदरबारी. हा प्रत्यय मुळात ‘नोवाकांची’ असं सांगणारा. २०२२ पासून कायदा बदलला आणि आता कोणत्याही बाईला ‘ओवा’ नको असेल तर कारण न सांगता सोडता येतं. आजी म्हणाल्या, “माझ्या नातीनं सोडलं. मला नाही सोडवत. ‘ओवा’ काढलं तर माझं नाव मला कुणा पुरुषाचं वाटतं.”

“मग नातीचा राग नाही आला?” मी लेकीकरवी विचारलं.

आजींनी खांदे उडवले. “नाव तिचं आहे. हाक मारली की ती ‘ओ’ देते ना? मग झालं.”

लेकीनं हे वाक्य मराठीत सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. पण कान कुणाकडे होते ते मला ठाऊक आहे.

उठताना आजींनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. माझा स्वातेक कधी ते त्यांना बघायचं होतं. लेकीनं ‘शुभांगी’ सांगितलं. त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, जमेना. तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, “इंदू.” “इन्दू!” त्यांनी लगेच म्हटलं. कॅलेंडरात ते नाव कुठून असणार? म्हणून त्यांनी सव्वीस जुलैच्या चौकोनात, आन्नाच्या खाली, पेन्सिलीनं ‘इन्दू’ लिहिलं.

“इंदू होय,” हे हसून म्हणाले. “किती वर्षांनी ऐकलं! साखरपुड्याच्या पत्रिकेवर होतं.”

बघा, म्हणजे ह्यांच्याही लक्षात होतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

जाणार असाल तर

कुणी प्रागला जाणार असाल तर दोन-चार गोष्टी लक्षात असू द्या. रस्ते दगडी आहेत, तेव्हा टाचांच्या चपला घरीच ठेवा. साडीखाली कॅनव्हासचे बूट घातले तरी तिथे कुणी हसत नाही. दुकानात शिरताना ‘दोब्री देन’ म्हणावं, लोक लगेच मोकळे होतात. पिंकास आणि ज्यू संग्रहालयाच्या इतर इमारती शनिवारी बंद असतात. शाकाहारी असाल तर तळलेलं चीज आणि बटाट्याची धिरडी मिळतात, पण सूपमध्ये काय आहे ते विचारून घ्यावं. आणि चार्ल्स पूल बघायचा तो पहाटे. १३५७ साली बांधायला घेतलेल्या या पुलावर दिवसभर इतकी गर्दी असते, की नदी दिसतच नाही.

परत आल्यावर यंदा दिवाळीचा फराळ पाठवायची वेळ आली. दरवर्षी मी खोक्यावर लेकीच्या नावापुढे जावयांचं आडनाव दडपून लिहीत असे आणि ती मुकाट्यानं घेत असे. या वेळी मी तिच्या दारावरच्या पाटीवर आहे तसंच लिहिलं. वर तिचं, खाली त्यांचं.

पाठवणाऱ्याच्या रकान्यात ह्यांनी माझं नाव लिहिलं आणि मला दाखवलं. शुभांगीच्या पुढे कंसात ‘इंदू’ होतं.

“राहू दे का?” ह्यांनी विचारलं.

“राहू दे,” मी म्हटलं.